पुण्यात न चालणारं फ्रेमवर्क

आमच्या गावच्या भवानी पेठेत, पुण्यातल्या नव्हे, एका टॉवेलच्या दुकानावर आमचं ऑफिस आहे. टॉवेल-चादरीच्या कारखान्यांना लागणारं सॉफ्टवेअर आम्ही करतो. सुताची आवक, मागांवरचं उत्पादन, पगार, सगळं त्यात येतं. चार कारखान्यांनी एकदम उघडला की जुना प्रोग्रॅम बंद पडायचा, म्हणून तो नव्यानं वेबवर लिहायचं ठरलं. सर्व्हरवरचं फ्रेमवर्क, म्हणजे ज्या सांगाड्यावर पुढची सगळी वर्षं काम उभं राहणार तो, निवडायचं काम मालकांनी माझ्यावर सोपवलं.

नवरा तेव्हा नुकताच पुण्याला नोकरीवर रुजू झाला होता. मुलीला आणि सासूबाईंना घेऊन मीही मागोमाग जाणार होते. तिथल्या कंपन्या जावा ही प्रोग्रॅमिंगची भाषा मागत होत्या आणि कॉलेजात मी जावाच शिकले होते. स्वार्थ होताच, नाही कशाला म्हणू? पण जावाचं फ्रेमवर्क कामालाही योग्य होतं. भार पेलणारं, सुरक्षेच्या दुरुस्त्या वेळेवर येणारं, अडलं तर विचारायला माणसं मिळणारं.

मालकांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. माणूस वाईट नाही, हे आधीच सांगते. सासूबाई दवाखान्यात होत्या तेव्हा त्यांच्या घरून आम्हाला डबा यायचा. चहा संपवून त्यांनी विचारलं, "हे शिकलेल्याला पुण्यात नोकरी मिळती?"

"लगेच मिळते," मी मोठ्या ऐटीत सांगितलं.

"मग नको. आमच्या वडलांनी कारखान्यातले माग आपल्या सोयीनं बदलून घेतले होते. त्यावर हात बसलेला माणूस दुसऱ्याच्या मागावर चालत नव्हता. कोण सोडून गेलं न्हाय. तसलं काय तरी बघा की, मॅडम."

तसलं शेवटी त्यांनीच शोधलं. त्यांच्या एका मित्रानं घरच्या घरी बनवलेलं. अडलं की त्या मित्राला फोन करायचा, आणि तो कुणाच्या लग्नाला गेला असला की इकडे कारखाने खोळंबायचे. मी भांडले, चांगली कडाकडा भांडले. "तुमचं पटतंय मला," मालक म्हणाले, "पण तुमी गेल्यावर मी कुणाच्या तोंडाकडं बघू?"

घरी जावाचा सराव ठेवायचं मनात होतं. पण मुलगी, आजारी सासू आणि त्या मित्रमहाशयांच्या चुका निस्तरणं, यात वर्षं कुठं गेली कळलंच नाही. मधे पुण्यात मुलाखती दिल्या. इतकी वर्षं कशात काम केलं, असं विचारायचे. मी नाव सांगितलं की पुन्हा विचारायचे. एकानं बिचाऱ्यानं समोरच नेटवर शोधून पाहिलं आणि काही सापडेना म्हणून माझीच माफी मागितली.

नवऱ्याची तिथली खोली अजून एकट्याचीच आहे. शनिवारी येतो, रविवारी जातो. मुलगी त्याला पाहुण्यासारखं तांब्या-भांडं नेऊन देते. मला ते बघवत नाही, मी आत निघून जाते.

परवा मालक त्यांच्या लेकीला घेऊन आले. ती इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. "हिला रोज तासभर शिकवा," म्हणाले. मी खुर्ची सरकवून तिला शेजारी बसवलं आणि आमचं नेहमीचं काम उघडायला लागले.

"हे न्हाय ओ," त्यांनी घाईनं थांबवलं. "जावा शिकवा. पुण्याला जायचंय की तिला."

अगदी साधेपणानं बोलले. आपण काय बोललो हे त्यांच्या ध्यानातही आलं नाही. माझे कान तापले.

"मला जावा येत नाही, मालक."

ते हसले. "असं कसं? तुमीच तर सांगत होता की."

रागानं टाळतेय असं त्यांना वाटलं. लेक माझ्या स्क्रीनकडे बघत बसली होती. तिचा काय दोष? मी एक साधा प्रोग्रॅम लिहायला घेतला. दोन ओळी झाल्यावर मला पुढचं आठवेना.