दुष्टपणाची शिकवणी

"प्यार घरी ठेवून यायचं, भिया." गच्चीचं दार उघडण्याआधी ताई प्रत्येकाला हे बजावायच्या; भिया म्हणजे तिकडचं 'भैया'. तुम्ही गेला असतात, तर तुम्हालाही ऐकावं लागलं असतं.

अन्नपूर्णा मंदिराच्या भागात त्या माझ्या घरासमोर राहायच्या. वडील महूच्या पलटणीतले. आवाज त्यांचाच घेतलेला. बँकेतून निवृत्त झाल्यावर वनविभागाच्या परवानगीने त्यांनी गच्चीवर जाळीचा मोठा पिंजरा बांधला. जखमी, पोरके पक्षी तिथे बरे व्हायचे. खाऊ घालताना ताई डोक्यावरून चादर ओढून घेत, अवाक्षर काढत नसत. माणसाचा लळा लागलेलं पाखरू आकाशाच्या कामाचं राहत नाही, म्हणायच्या.

मी नोकरीसाठी कोल्हापूरहून आलेलो, एकटा. प्यार ठेवायला घरी कुणी नव्हतं. त्यामुळे घरट्यातून पडलेल्या घारीच्या पिलाला मटणाचा तुकडा देताना मी चादरीआडून हळूच शीळ घालायचो. लगेच उत्तर यायचं. आमच्या ऑफिसात इतक्या लवकर कुणी उत्तर देत नाही.

पंख भरले, ताईंनी पिंजरा उघडला. घार समोरच्या नीलगिरीवर जाऊन बसली. आनंदाच्या भरात मी शीळ घातली आणि ती थेट माझ्या डोक्यावर उतरली. केस आधीच मोजके, त्यातलेही काही घेऊन.

ताईंनी चादर टाकून तिला धरलं, पिंजऱ्यात परत घातलं. "आज तुमचं डोकं. उद्या ठेल्यावर कुणाच्या पोह्यांवर उतरेल, तो डंडा घालेल. मग?"

मी डोकं चोळत राहिलो.

"बिगाडली तुम्ही, सुधारणार पण तुम्हीच."

आता रोज मी शीळ घालायची आणि ती जवळ आली की मटणाऐवजी थाळी बडवायची. पहिल्या दिवशी मी भीतभीत वाजवली.

"आरती चाललीय का, भिया?"

मग जोर लावला. रोज ती थोडी आणखी मागे सरकायची. मला घाबरणारं जगात आजवर कुणी नव्हतं. ऑफिसचा शिपाईसुद्धा नाही. शेवटी एका संध्याकाळी नुसती शीळ ऐकून ती पार पलीकडच्या कोपऱ्यात पळाली. "पास," ताई म्हणाल्या, आणि न मागता आलं घातलेला चहा पुढे केला. थाळी अजून माझ्या हातातच होती.

पिंजरा पुन्हा उघडला. घार वर गेली, मंदिरावर फिरणाऱ्या घारींत मिसळली.

"घाला शीळ," ताई म्हणाल्या.

ओठ कोरडे पडले होते. तरी घातली, चांगली लांबलचक. एकही घार वळली नाही.

"ताई, आपली कुठली?"

"आता कुठलीच नाही," त्या म्हणाल्या, आणि कपाळावर हाताचा आडोसा धरून कितीतरी वेळ सगळ्याच घारींकडे बघत राहिल्या.