उरलं ते नुसतं ‘वाचवा!’

आमच्या गावामागची टेकडी गेली. चाकणकडे येताना आता जिथं पत्र्याची गोदामं दिसतात, तिथं ती होती. कशी गेली असं कुणी विचारलं, की मी कंपनीचं आणि पुढाऱ्यांचं नाव घेते. ते खरंच आहे. पण ती जनसुनावणीच्या भर मंडपात टाळ्या घेऊन गेली, तो राग अजून उतरलेला नाही.

टेकडीच्या कातळावर करड्या-पिवळ्या खपल्या असायच्या. चुलता म्हणायचा, “शेवाळ हाय त्ये.” त्याची शेरडं तिथं चरायची, त्याला टेकडी हवी होती ती चाऱ्यासाठी. चराईची आमची हरकत आधीच केराच्या टोपलीत गेली होती. गोदामाच्या जनसुनावणीत काहीतरी नवं मांडायला हवं होतं, म्हणून मी या खपल्यांना हात घातला. एका बैठकीत पत्रक लिहिलं. मथळा: ‘दुर्मिळ वनस्पती वाचवा!’

छापण्याआधी ते माझ्या निगडीच्या मैत्रिणीला घरी बोलावून दाखवलं. ती दगडफुलांच्या जनुकांवर काम करते. आपण मसाल्यात टाकतो ते दगडफूल. आमच्या खपल्या त्याच्याच भाऊबंद. तिनं पेन काढलं आणि ‘वनस्पती’वर काट मारली.

“वनस्पती नाही ही. बुरशी आहे, आत शेवाळ पाळते. आणि बुरशी झाडांपेक्षा प्राण्यांच्या जवळची, हे जनुकांवरून कळून जमाना झाला.”

“म्हणजे शेरडाची बहीण?”

“लांबची. पण बाभळीपेक्षा जवळची.”

चुलता बाजेवरून म्हणाला, “मंग गोठ्यात बांधू का?”

“बरं, ‘दुर्मिळ’ तरी राहू दे,” मी म्हटलं.

“तेही नाही. पूर्वी दिसण्यावरून जाती ठरवायचे. आता जनुकं तपासली की एकसारख्या दिसणाऱ्या दोन वेगळ्या निघतात, नाहीतर वेगळ्या मानलेल्या दोन एकच निघतात. ही नेहमीच्या जातीसारखी दिसते. तीच आहे का, ते तपासल्याशिवाय कसं सांगू?” दुसरी काट.

मथळ्यात उरलं काय? नुसतं ‘वाचवा!’ मी भडकले. अगं, पत्रक वाचणारा माणूस शिफ्टची बस पकडायला उभा असतो, त्याला ‘कदाचित’ वाचायला वेळ नसतो! ती ढिम्म हलली नाही. जाताना टेकडीवरून छिन्नीनं एक खपली काढली, कागदी पाकिटात घातली आणि घेऊन गेली.

सुनावणीच्या दिवशीही त्या खपलीची तपासणी चालूच होती. कंपनीचा सल्लागार इस्त्रीच्या शर्टात, गोड बोलणारा. त्याच्या अहवालात भाग दोनच: वनस्पती आणि प्राणी. मी विचारलं, “बुरशी कुठंय?”

“तुम्हीच सांगा मॅडम, कशात टाकू?”

“टाकायचीच तर प्राण्यांच्या शेजारी टाका.”

मंडप हसला. आमच्याच गावची पोरं मागून ओरडली, “शिंगं बघ रे भावा, फुटलीत का!”

मैत्रीण उठली. तिनं सगळं शांतपणे समजावलं. सल्लागारानं तिला पुरतं बोलू दिलं, मग हसून म्हणाला, “म्हणजे ताई, आधी वनस्पती होती, आता नाही. आधी एक होती, आता दोन असू शकतात. या दगडावरची कोणती, ते तुम्हालाच माहीत नाही. तुमचं आधी ठरू द्या, मग आमचं काम थांबवा.”

टाळ्या पडल्या.

पुरावा आला की शास्त्र आपलं म्हणणं बदलतं. हा त्याचा प्रामाणिकपणा. या माणसानं तो गुन्ह्याच्या कबुलीसारखा वाचून दाखवला. काय आहे ते नक्की माहीत नाही, म्हणून थांबायचं सोडून, नक्की माहीत नाही म्हणून सुरुंग लावायचा! आणि ज्या अहवालात बुरशी नावाची गोष्टच जगात नाही, तो अहवाल मात्र पक्का.

सुरुंग लागले. चुलत्यानं शेरडं विकली.

गोदाम उभं राहिल्यावर मैत्रिणीचा फोन आला. “जुळत नाही गं. तुलनेला जेवढ्या जाती आहेत, त्यांतल्या कुणाशीच नाही.”

“म्हणजे दुर्मिळ?”

“तसं अजून म्हणता येत नाही. होता तो तुकडा तपासणीत संपला. आणखी थोडी खपली मिळेल का?”

टेकडीचा दगड गोदामाच्या कुंपणभिंतीत लावलाय. मी भिंतीला नाक लावून दगडामागून दगड बघत चालले. वॉचमन काठी घेऊन आला.

“काय शोधताय, मॅडम?”

“दगडावरचे पिवळे डाग.”

त्याला वाटलं, मी तपासणीला आलेय. घाईघाईनं म्हणाला, “एक नाही सापडायचा, मॅडम. उद्घाटनाच्या आधी सगळी भिंत ॲसिडनं धुऊन घेतलीय.”