ऋचाचे गाल आणि काकांचा राग

लखनऊ शहरात मनापासून रागावणारा एकच माणूस उरला आहे, आणि तो नेमका माझा चुलतसासरा आहे. बाकी सारं शहर 'पहले आप' म्हणत दार अडवून उभं असतं. काका मात्र उभा जन्म लखनऊच्याच महानगर मोहल्ल्यात काढूनही भाजीवाल्याला विचारतात, "भैया, ये भिंडी किसको बेच रहे हो, सुतार को?" भाजीवाला "जी, साहब" म्हणतो आणि खालची कोवळी भेंडी काढून देतो.

काकांची नोकरी औषधं तपासण्याची. उंदराला आज औषध द्यायचं आणि पुढे त्याचा फायदा काय, तोटा काय ते बघत बसायचं. त्यामुळे त्यांचा रागही निःपक्षपाती झाला. सोसायटीत लिफ्टचा प्रश्न निघाला, तेव्हा त्यांनी आधी लिफ्ट नको म्हणणाऱ्यांना फैलावर घेतलं, मग लिफ्टला. आता दोन्ही बाजूंचे लोक त्यांना टाळतात.

तर त्यांच्या एकुलत्या एका मुलीने, ऋचाने, गालांतली चरबी काढून घेण्याचं ठरवलं. मी तडक काकांकडे गेलो. मला त्या खुळाचा भयंकर राग आला होता, आणि काका घर डोक्यावर घेतील अशी आशाही होती. ते माझ्यावरच उखडले. "जावईबापू, तोंड तिचं आहे. ऑफिसात तिला लड्डू म्हणतात, तेव्हा तुम्ही कुठे होतात? तोंडाच्या आतून चीर, बाहेर व्रण नाही, पोरगी आरशात बघून हसेल. हा फायदा नाही?" मी 'आहे' म्हटलं, तर ते लगेच उलटे फिरले. "कसला फायदा? ती चरबी परत येत नाही. तिथूनच चेहऱ्याची नस जाते, लाळेची नळी जाते. आणि गाल वयाने फुकट बसतात, हे माझे बघा."

मग आम्ही तिघे गोमती नगरच्या डॉक्टरकडे गेलो. त्याचा आवाज लोण्यासारखा. "अंकल, आप बिल्कुल फ़िक्र मत कीजिए."

"ये जवाब नहीं है. पचास की उम्र में इसका चेहरा कैसा होगा?"

"तब थोड़ा फ़िलर भरवा लेंगे."

"यानी आज निकालना, कल भरना? सड़क खोदनेवाले भी आप ही हैं क्या?"

डॉक्टरने चहा मागवला. लखनऊत कुणी रागावलं की चहा येतो. काकांनी कपाला हात लावला नाही. मी माझा घेतला. ऋचा म्हणाली, "बाबा, आपने दोनों साइड बता दीं. अब डिसाइड मुझे करने दीजिए." 'तोंड तिचं आहे' हा नियम त्यांचाच होता, त्यामुळे ते उठले. मला मात्र डॉक्टरचा, तिच्या ऑफिसचा आणि तिचाही संताप आला.

तिने करून घेतलं. सूज उतरल्यावर ती काकांसमोर उभी राहिली. "बाबा, कैसी लग रही हूँ?" काकांनी चष्मा पुसला, तिच्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाले, "छान दिसतेस, बेटा."

बस, एवढंच. ती खरंच हसली आणि आत गेली. इतक्या वर्षांत काकांनी दुसरी बाजू गिळलेली मी पाहिली नव्हती. मला त्यांचाही राग आला. म्हटलं, "काका, आणि तोटा?"

"तोटा ती पन्नाशीची झाल्यावर दिसेल," ते हळू आवाजात म्हणाले. "तेव्हा त्या डॉक्टरवर ओरडायला मी कुठे असणार?"

"मी ओरडेन," मी म्हटलं.

"तुम्हाला नाही जमायचं, जावईबापू. तुम्ही चहा घेता."