नातू फौजेत, गुडघे मीरा रोडला

आईचे गुडघे गेले तेव्हा आम्ही मीरा रोडला तिसऱ्या मजल्यावर राहत होतो आणि बिल्डिंगला लिफ्ट नव्हती. नया नगरातल्या हाडांच्या डॉक्टरांनी एक्स-रे उजेडावर धरून सांगितलं, "दोन्ही बदलावे लागतील. आत्ता केलंत तर चालतील. पुढे खुर्चीच." आईने सगळं नीट ऐकून घेतलं आणि घरी आल्यावर जाहीर केलं, की डॉक्टरांचा चेहरा तिला आवडला नाही. झालं. तेव्हापासून ती खाली उतरली नव्हती. गॅलरीतून भाजीवाल्याशी हिंदीत भांडायची आणि दोरीला बांधलेली पिशवी वर ओढून घ्यायची.

अशात एका रविवारी जर्मनीहून ताईचा फोन आला. ताई माझी मोठी बहीण. लग्न करून तिकडे गेली, मुलगा तिकडेच झाला, पासपोर्टही त्याचा तिकडचाच. बोलता बोलता म्हणाली, "अरे, ह्याला लष्करात बोलावलंय."

फोन मी उचलला होता, तेव्हा पहिला गोंधळ माझाच. मला वाटलं, कुठेतरी लढाई लागली आणि आपण नेमका त्या दिवशीचा पेपर वाचला नाही.

"कुणाबरोबर?" मी विचारलं.

"कुणाबरोबर म्हणजे? इथे मुलगा अठराचा झाला की बोलावतात. काही महिने करावं लागतं."

"नाही केलं तर?"

"तेच तर सांगतेय..." ताई म्हणाली आणि लाइन कटली.

माझ्या बाजूचे दोनच शब्द आईने ऐकले असते तर बरं होतं. पण ताईचा आवाज रिसिव्हरच्या बाहेर येतो, आणि आईचे कान गुडघ्यांसारखे नव्हते. 'लष्कर' एवढं तिने बरोबर उचललं. आमच्या रत्नागिरीकडच्या वाडीत ज्या घरातला मुलगा फौजेत, त्या घरातल्या म्हातारीला लष्कराच्या दवाखान्यात नेत, आणि ती परत येई तेव्हा सगळी वाडी तिचं बोलणं ऐकायला बसे. खालच्या मजल्यावरचे हवालदारकाका रिटायर झालेले; त्यांच्या आईचा मोतीबिंदूही फौजेनेच काढला होता. आईचा हिशेब सरळ होता. नातू फौजेत, म्हणजे गुडघे फौजेच्या डॉक्टरांकडे.

"पण आई, ती फौज जर्मनीची."

"म्हणून काय झालं? गुडघे सगळ्यांचे सारखेच."

संध्याकाळी बायकोने पेढे आणले, आईने ते बिल्डिंगभर पाठवले. मी नको म्हणायला हवं होतं, पण तोपर्यंत दोन खाल्ले होते. हवालदारकाकांना मी जिन्यात गाठलं. म्हटलं, काका, सैनिकाच्या आजीला उपचार मिळतात का?

त्यांनी प्रश्न गंभीरपणे घेतला. "आईबाप डिपेंडंट. आजीचं कसं बसवायचं... बापाची आई का?"

"आईची."

"मग अवघड हाय भाऊ. पण तिकडचं काय सांगावं, पुढारलेला देश हाय. विचारा की."

ताईचा फोन पुन्हा आला तो दोन महिन्यांनी, तेव्हा मी तिला विचारलं. तिने समजावलं आणि मी कागदावर लिहून घेत गेलो. मुलाला लष्करात असेपर्यंत लष्कराचे डॉक्टर बघणार. त्याचा दात दुखला तरी सरकार बघणार. ताईला आणि भावजींना मात्र नाही, त्यांचा वेगळा विमा, पगारातून कापतात. आजीचं कुठेच नाव नाही.

"म्हणजे मुलगा देशासाठी उभा, आणि आईबापाला साधी कॅन्टीनची साबणवडी पण नाही?"

"साबण आम्ही दुकानातून आणतो," ताई म्हणाली. "आणि तू पहिलं ऐकून घे. तो लष्करात जातच नाहीये. त्याने हत्यार हातात घ्यायला नकार दिलाय."

माझं पेन थांबलं. "पळाला?"

"अरे पळाला कशाला? कायद्यातच आहे. मनाला पटत नाही असं लिहून द्यायचं, मग बंदुकीऐवजी दुसरी सेवा. त्याला वृद्धाश्रमात काम मिळालंय. आंघोळी घालतो, भरवतो, चालवतो."

"आणि दात?"

"दात तरीही सरकारच बघतं."

लष्कर, पण लष्कर नाही. सेवा, पण दात सरकारी. मी कागद घडी करून खिशात ठेवला. बायको म्हणाली, "अहो, आता पेढे परत मागायचे का?" हवालदारकाकांना सांगितलं तर ते म्हणाले, "आमच्यात असल्याला आत टाकतात. तिकडं आंघोळी घालायला लावतात. शिक्षा कुठली मोठी, सांगता येत न्हाय."

राहिली आई. तिचा जर्मनीचा बेत मोडायचं काम माझ्याकडे आलं. मी फिरवून फिरवून सांगितलं. तिचं हत्याराकडे लक्षच नव्हतं.

"कुणाच्या म्हाताऱ्या?" तिने विचारलं.

"कुणाच्याही."

"त्यांचे नातू कुठेत?"

"तेही कुणाच्यातरी आजीला भरवत असतील."

"मग ज्याने त्याने आपापल्या आजीला भरवावं. एवढं फिरवायचं कशाला?"

मला वाटलं, ही आता चिडणार. ती म्हणाली, "त्याला फोन लाव."

भाचा फोनवर आला. त्याचं मराठी ताईने शिकवलेलं, म्हणजे बरंचसं रागावण्याचं. आईने ख्यालीखुशाली विचारली नाही. "गुडघे बदललेल्या बायका असतात तुझ्याकडे?" विचारलं.

"असतात, आजी."

"चालतात?"

"पहिल्यांदा घाबरतात. मला मारतात पण."

"मग तू काय करतोस?"

"मी हात सोडत नाही. मग चालतात."

आईने रिसिव्हर दुसऱ्या कानाला लावला. मग म्हणाली, "खूप दुखतं का रे त्यांना?"

डॉक्टरांचा चेहरा, जर्मनी, फौज, सगळं बाजूला सरकलं आणि खाली काय होतं ते मला तेव्हा दिसलं. इतके महिने हा प्रश्न तिने आम्हाला कुणाला विचारला नव्हता.

"दुखतं," भाचा म्हणाला. खोटं बोलण्याइतकं मराठी त्याला येत नसावं. "पण रोज कमी."

आठवड्याने आई स्वतःच म्हणाली, चला, त्या नया नगरवाल्याकडे. दोन माणसांनी तिला खुर्चीत बसवून खाली नेलं. ऑपरेशन झालं. उभं करायच्या सकाळी सिस्टरने विचारलं, "पेशंटको पकडनेवाला कौन है?"

मी पुढे झालो. बाह्या वगैरे सारल्या. आईने मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि सिस्टरला म्हणाली, "इसका कुछ ट्रेनिंग नहीं हुआ. तुम ही पकडो."

ती उभी राहिली. सिस्टरच्या दंडावर एक चापट बसली, सिस्टरने हात सोडला नाही. दोघी दारापर्यंत गेल्या आणि तिथून पुढे पॅसेजमध्ये. मी काय धरावं ते न कळून तिची उशी उचलली आणि ती घेऊन मागून चालत राहिलो.