पायाची नाडी

लग्नापासून माझ्या पत्नीने एक मर्यादा कटाक्षाने पाळली होती: तिच्या पायांना माझा हात लागू द्यायचा नाही. पायात काटा रुतला तरी ती शेजारणीकडे जाई. मी पाठशाळेत वाढलेला; मलाही त्यात कधी वावगे वाटले नाही.

गतवर्षी स्वादुपिंडाच्या सुजेने तिच्या यकृताकडे जाणारी धमनी पोखरली आणि तिला रक्ताची उलटी झाली. शिरड शहापूरहून नांदेडला पोहोचेपर्यंत तिचे मस्तक माझ्या मांडीवर होते आणि ओठी नाम. तिथल्या डॉक्टरांनी शांतपणे समजावले, "ती धमनी बंद केली तर रक्त थांबेल, पण यकृत उपाशी राहील. म्हणून जांघेतून तार नेऊन, अस्तर लावलेली जाळीची नळी आत बसवू. गळती थांबेल, प्रवाह चालू राहील."

ईश्वरकृपेने नळी नीट बसली. खाटेवर आणल्यावर पत्नी क्षीण स्वरात म्हणाली, "म्हणजे चोळीला लावतात तसं अस्तर लावलं म्हणा की."

"व्हय आजी," परिचारिका हसली. ही मुलगी आमच्याच भागातल्या हट्टा गावची. "पण जांघेतली जखम अजून कच्ची हाये. पाय दुमडायचा न्हाई, न्हाईतर तिथून रक्त सुटंल." मग माझ्याकडे वळून तिने पत्नीच्या पावलावर बोट टेकवले. "बाबा, मला बाकीच्या खाटा बघायच्या हायेत. पायात रक्त पोचतंय का कळायला इथं नाडी लागते का बघत ऱ्हा. न्हाई लागली तर लगेच हाक मारा."

मी पावलाला बोट लावले मात्र, पत्नीने झटक्यात गुडघा वर घेतला.

"अहो, काहून मला पाप लावून राहिलात?"

पट्टीवर लाल ठिपका उमटला. परिचारिकेने धावत येऊन तिचा पाय सरळ केला आणि जांघेवर हाताने दाब धरला. "पापपुण्याचं घरी गेल्यावर बघा आजी! आधी पाय सरळ!"

इतकी शास्त्रे पढलो; त्या क्षणी एकही वचन आठवले नाही. मी एवढेच म्हणालो, "रोज सकाळी देवीचे पाय धुतो, तेव्हा ती कुठे पाय ओढून घेते?"

"मी काय देवी आहे?"

"नाही. देवी इतकी हट्टी नसते."

परिचारिकेला हसू आवरेना. पत्नीने भिंतीकडे तोंड फिरवले. तिच्या डोळ्यांतून पाणी ओघळत होते. पाय मात्र तिने हलवला नाही. ठिपका वाढायचा थांबला. माझ्या बोटाखाली, थंड पडलेल्या त्या पावलात, ठोका लागला. मंद, पण नेमाने. जपमाळेचा मणी सरकावा तसा.

आता ती घरी आहे. नळी खुली राहावी म्हणून रक्त पातळ ठेवणारी गोळी घेते. पायाची नाडी पाहण्याचे काही कारण उरलेले नाही. तरी सकाळची पूजा आटोपली की मी तिच्यापाशी बसून पावलावर बोट ठेवतो. ती तुळशीकडे पाहत राहते, आणि थोड्या वेळाने हळूच विचारते,

"लागली का?"