कळकलेली कढी

पितळेच्या जुन्या पातेल्यात आतून मळकट पांढरा थर दिसला, आणि माझ्यातला स्वच्छतेचा किडा वळवळला. काथ्या आणि रेती घेऊन मी तो पार खरवडून काढला. पातेलं सोन्यासारखं झळकलं. धाकटा भाऊ बऱ्याच वर्षांनी जेवायला येणार होता, म्हणून कढीही मीच त्यात केली.

तो पानावर बसल्यावर बायकोने पातेल्यात डोकावून कपाळावर हात मारला. "अहो, ती कल्हई होती! आंबट कढी पितळेत कळकली असणार. भावोजींना वाढलीत?"

वाढली होती.

कल्हईचं कथील हा तसा बापुडा धातू. लवकर वितळतो, वाकवला की कुरकुरतो. पण पितळ आणि आंबट यांच्यामध्ये पातळसा थर होऊन तोच उभा राहतो. 'मी आपला स्पष्ट बोलतो' या तोऱ्यात मी तो थर नात्यांतूनही खरवडत आलो. भावाशी शेवटचं बोललो, तेही असंच, स्पष्ट.

धावत बाहेर गेलो. त्याची वाटी रिकामी होती.

"छान झालीय," तो म्हणाला.

पूर्वी त्याने पहिल्याच घोटाला वाटी आपटली असती, "दादा, विष घालतोस का?" म्हणून. मी माझी कढी चाखली. तोंड वाकडं झालं.

"थोडी वाढू?" मी विचारलं.

"नको, पोट भरलं," तो हसून म्हणाला. त्याने माझ्यापुरती कल्हई करून घेतली होती.