आठव्या ओळीतलं शून्य

हे मी आजवर कुणाच्या कानावर घातलेलं नाही. आईच्या नाही, संघटनेतल्या मैत्रिणींच्या नाही. पत्रकं लिहिणाऱ्या बाईच्या पोटात काही राहत नाही असं लोक म्हणतात. राहतं. माझ्या पोटात तीन हिवाळे राहिलं.

तुम्हाला सांगते आहे, पण सरळ सांगता येईल की नाही — माहीत नाही. मला सरळ बोलायची सवय आहे ती दुसऱ्यांबद्दल.

मी तेव्हा धडगावात भाड्याने राहत होते. आठ खोल्यांची रांग, वर पत्रा, पुढे सामाईक अंगण. माझं गाव खाली तळोद्याकडे, तिथे थंडी असते ती अंगावर शाल घेण्यापुरती. धडगावची वेगळी. पत्रा रात्रभर गारठतो आणि सकाळी खोलीत उतरतो. चूल पेटवायची नाही, हा मालकाचा पहिला नियम — भिंती काळ्या होतात. मग माणसाने शेकायचं कशावर? विजेवर. आणि वीज कशी? आठ खोल्यांना मीटर एक. बिल आलं की मालक — सगळे त्यांना दादा म्हणत — सरळ आठाने भागायचे. कुणी काय लावलं, किती वेळ लावलं, विचारायचं नाही.

याच अन्यायावर मी पत्रकं लिहीत होते. भाडेकरूंना स्वतंत्र मीटर मिळालं पाहिजे, युनिटमागे मालकाने खिशात काही घालता कामा नये — वगैरे. चांगलं लिहीत होते. संघटनेत आम्हाला शिकवलं होतं: पत्रकात आकडा एक, माणूस एक, मागणी एक. लोकांना दहा दोषी दाखवले तर लोक घरी जातात. एक दाखवला तर थांबतात.

हे वाक्य लक्षात ठेवा असं मी म्हणणार नाही. पण मी ते लक्षात ठेवलं होतं.

त्या डिसेंबरात बिल एकदम चढलं. दादा अंगणात येऊन म्हणाले, पुढच्या महिन्यात असंच आलं तर सगळ्या खोल्यांचे पॉवरचे प्लग काढून टाकीन, बसा कुडकुडत. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. माझ्याकडे संघटनेचं ते छोटं यंत्र होतं — प्लगमध्ये घालायचं, त्यावर उपकरण लावायचं, किती वीज खाल्ली ते दिसतं. ‘ताई, तूच मोज,’ असं ठरलं. कोणाची कशी ऊब, कितीला पडते — तक्ता कर, रविवारी वाच.

मी मोजलं. पाण्याचा रॉड: एका बादलीला पाऊण युनिट. दवाखान्यातल्या सिस्टरांच्या खोलीतला छोटा गिझर: बादलीला जवळपास तेवढंच, पण त्या ड्युटीवर जाताना तो चालूच ठेवून जात, म्हणजे वर आणखी. कॉइलची शेगडी: तासाला एक युनिट. मास्तरांची विजेची चादर: अख्ख्या रात्रीचं एक युनिटही नाही, कारण ती खोली तापवत बसत नाही, माणूस तापवते. हे सगळं खरं होतं. आजही तुम्ही मला विचारलंत, पत्र्याच्या खोलीत काय परवडतं, तर मी हेच सांगेन — हवा तापवू नका, अंग तापवा. हवा पत्र्यातून निघून जाते आणि बिल तुमच्याकडे राहतं. युनिट कुठल्याही हीटरमधून जाळा, ऊब तेवढीच मिळते. कंपन्या डब्यावर काहीही छापू देत. फरक वॉटचा आणि तासांचा.

वॉट आणि तास. तिथेच मी केलं.

माझ्या शेजारची सातवी खोली आपांची. जैनबआपा. एकटी बाई, साठीच्या पुढची. रजया शिवायची. लग्नाच्या रजया, बाळंतिणीच्या रजया, सगळ्या धडगावात तिच्या हातच्या. बोटांचे सांधे सुजलेले. गारठ्यात मूठ उघडत नसे. तिच्याकडे दोन नळ्यांचा लाल हीटर होता. एक नळी जळालेली. उरलेली एक चारशे वॉटची. हात आखडले की पाच-दहा मिनिटं लावायची, बोटं मोकळी झाली की बंद. मी यंत्र लावून बसले होते तिच्या खोलीत, तिनं मला चहा दिला होता. दिवसभराचं मिळून एक युनिट. जेमतेम.

तक्त्यात मी काय लिहिलं? वॉट: आठशे — डब्यावरचा आकडा. तास: दहा. कारण ती दिवसभर घरात बसून शिवते, म्हणजे दिवसभर लावत असणार, असं कुणालाही पटलं असतं. आठ युनिट. जाड अक्षरात.

चूक नव्हती ती. मला चूक म्हणता आलं असतं तर मी ती कधीच सांगितली असती.

माझ्या खोलीत ब्लोअर होता. दोन हजार वॉटचा, अक्कलकुव्याच्या बाजारातून आणलेला. दुसऱ्यांच्या वीजलुटीवर पत्रक लिहिताना तो माझ्या पायांशी चालू असायचा. सकाळी दोन-तीन तास, संध्याकाळी तीन. रोजची बारा युनिटं, आठ घरांत वाटलेली. कुणी दार वाजवलं की बंद करून पत्रकांच्या खोक्यात. आंघोळीला पाणी मी थंडच घेत असे आणि ते मुद्दाम सगळ्यांना सांगत असे. त्यामुळे आठव्या ओळीत मी स्वतःचं नाव लिहिलं आणि पुढे शून्य, तेव्हा कुणाला नवल वाटलं नाही. मोजणारीला कोण मोजतं?

रविवारी अंगणात ऊन आल्यावर सगळे जमले. मी तक्ता वाचला. पहिल्या ओळीपासून नाही — सातवीपासून. आवाज कसा लावायचा ते मला येतं.

दादा मोठ्याने हसले. ‘आपा, तुमनी खोलीमा भट्टी शे का काय?’

सिस्टर, ज्या आदल्या दिवसापर्यंत तिला ‘आपा, बसा’ म्हणत, त्या म्हणाल्या, ‘आमना बिलवर शेकी ऱ्हायनी व्हती का वं तू!’

कुणीतरी हळूच ‘या लोकांचं असंच’ असंही म्हणालं. मी ते ऐकलं. एरवी असलं कुणी बोललं तर मी त्याला अंगणातच उभा सोलते. त्या दिवशी मी तक्त्याची घडी घालत होते. खरं सांगू? मला माहीत होतं कुणीतरी ते म्हणणार. मी त्यावर भिस्त ठेवली होती.

आपा माझ्याकडे पाहत होती. रागानं नाही. म्हणाली, ‘तू मोजं ना, ताई? मंग बरोबरच व्हई.’

मग आत गेली, हीटर घेऊन आली. वायर नीट गुंडाळलेली. दादांच्या पायाशी ठेवला.

आता तुम्ही विचाराल, तीच का? आठ युनिटं मी कुणाच्याही नावावर टाकू शकले असते. गिझरवर टाकणं तर सगळ्यात सोपं होतं, पटलंही असतं. मी बरेच दिवस स्वतःला सांगत होते की ती दिवसभर घरी असते म्हणून, एकटी आहे म्हणून, पत्रकाला एक माणूस लागतो म्हणून. ही सगळी कारणं खरी आहेत आणि कुठलंही पहिलं नाही.

पहिलं हे: आमची भिंत एक होती. ब्लोअर मुका नसतो. नोव्हेंबरात एकदा तिनं विचारलं होतं, ‘तुन्ही खोलीमा काय घरघरस वं ताई?’ मी म्हटलं, लॅपटॉपचा पंखा. ती ‘हां’ म्हणाली. अख्ख्या रांगेत माझ्याबद्दल हे माहीत असलेलं ते एकच माणूस होतं. तिनं तोंड उघडण्याआधी तिचं तोंड खोटं ठरलेलं असायला हवं होतं. म्हणून सातवी ओळ आधी.

साक्षीदारालाच आरोपी केलं की साक्ष उरत नाही. हे मला कुणी शिकवलं नव्हतं. माझं मलाच सुचलं.

आणि पुढचं ऐका. त्या दिवसापासून मी ब्लोअर बंद ठेवला — लाजेनं नाही, भीतीनं. त्यामुळे पुढचं बिल उतरलं. दादांनी ते अंगणात सगळ्यांना दाखवलं. बघा, हीटर गेला आणि बिल उतरलं. आता आणखी पुरावा कोणाला हवा होता? सिस्टरांनी माझ्या हातावर पेढा ठेवला. मी खाल्ला.

भिंतीपलीकडून शिवणाचा आवाज येत नाही. सुईला आवाज नसतो. पण आपा हात चोळायची तो आवाज यायचा. सकाळभर. अंगणात ऊन येईपर्यंत ती सुई धरू शकत नसे आणि आमच्या अंगणात ऊन उशिरा यायचं. एका लग्नाच्या चार रजया वेळेत झाल्या नाहीत. लोकांनी त्या तळोद्याहून आणल्या. मग पुढच्याही तिकडूनच आणल्या. जानेवारी संपायच्या आत तिनं खोली सोडली. अक्कलकुव्याला भाचीकडे जाते म्हणाली.

जीपच्या टपावर तिची गाठोडी चढवायला मी मदत केली. सगळ्यांच्या देखत केली. ताई किती मोठ्या मनाची, असं कुणाला तरी वाटलंच असेल. वाटावं म्हणूनच केली. आपा जीपमध्ये दाटीवाटीत बसली, मला जवळ बोलावलं आणि फक्त मला ऐकू जाईल असं म्हणाली, ‘आते बाजूले कोनी नही, ताई. लाव बिनघोर.’

जीप घाटाकडे वळली. मी खोलीत आले.

त्या संध्याकाळी मी ब्लोअर लावला. हो, लावला. पाय गार पडले होते.

तक्ता संघटनेला फार आवडला. ‘एका खोलीचा हीटर, सात घरांची लूट’ — मथळा माझाच. नाव छापलं नाही आम्ही, ‘शिवणकाम करणारी एक भाडेकरू’ एवढंच. अक्कलकुव्यातही वाटलं. तिची भाची कुठल्या गल्लीत राहते मला माहीत होतं. ती गल्ली मी वगळली नाही. वगळली असती तर कुणी कारण विचारलं असतं.

यंदा थंडी सुरू झाल्यावर ते पत्रक पुन्हा छापायचं ठरलं. तपासायला माझ्याकडेच आलं. विजेचा दर मधल्या काळात बदलला होता, म्हणून रुपयांचा रकाना मी पहिल्या ओळीपासून नव्याने केला, दोनदा ताडून पाहिला. सातव्या ओळीत आठशे वॉट आणि दहा तास होते. ते तसेच ठेवले. गठ्ठे काल आले.